प्रयोगशील लघुपट आणि मर्ढेकरांची लय
(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

एखादा प्रयोगशील लघुपट किंवा अमूर्त चित्रांचे प्रदर्शन पाहून बाहेर पडणारा आपल्यासारखा विद्यार्थी बहुधा दोनच वाक्ये बोलतो. पहिले, ‘यातून सांगायचे तरी काय आहे?’ आणि दुसरे, ‘आपल्याला काही कळले नाही बुवा!’ पहिल्या वाक्यात तक्रार असते, तर दुसऱ्यात थोडी लाज. आपल्या वर्गातील पुष्कळजण लहान गावांतून आलेले आहेत. घरात कधी चित्राची चौकट टांगलेली नव्हती आणि सिनेमा म्हणजे गोष्ट, गाणी आणि शेवट एवढेच ठाऊक होते. त्यामुळे हा सारा प्रकार शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींचा आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत मनात घट्ट बसते. ही समजूत तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी चार लघुपट निवडले आहेत. ते सर्व १९६७ ते १९७२ या काळात, मुख्यतः मुंबईतील कलावंतांच्या हातून घडले. ते पाहताना माझ्या मनात जे झाले ते मांडताना आधाराला घेतले आहेत आपल्या अभ्यासक्रमातले बा. सी. मर्ढेकर.

मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्यातला मुख्य विचार आपल्याला परिचित आहे. प्रत्येक कलेचे माध्यम विशिष्ट संवेदनांचे असते. चित्रकलेचे रंग-रेषांच्या, संगीताचे स्वरांच्या. या संवेदनांची संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनुसार लयबद्ध रचना झाली की सौंदर्य निर्माण होते. चित्रातले झाड खऱ्या झाडासारखे आहे की नाही, हा प्रश्न सौंदर्याच्या दृष्टीने गौण ठरतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण हे सारे मुद्देसूद लिहितो. पण ज्या कलाकृतीत गोष्टच नाही, तिच्यासमोर बसल्यावर हा विचार उपयोगी पडतो का, हे पाहण्याचे मात्र सहसा कोणी मनावर घेत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली झाली. मुख्य चित्रपटापूर्वी या संस्थेचे माहितीपट दाखवणे त्या काळी सिनेमागृहांना बंधनकारक होते. धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन हे त्यांचे नेहमीचे विषय. साठीच्या दशकात जहांगीर भावनगरी यांच्यासारखा जाणता सल्लागार लाभल्यामुळे याच सरकारी संस्थेत काही काळ प्रयोगाला मोकळीक मिळाली, आणि चित्रकारांच्या हाती कॅमेरा आला. दुसरीकडे, अकबर पदमसी यांनी त्यांना मिळालेल्या नेहरू फेलोशिपमधून १९६९ साली मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपट करणारे यांनी एकत्र येऊन काम करावे, ही त्यामागची कल्पना. नलिनी मलानी यांनी आपले आरंभीचे चित्रपट याच ठिकाणी केले.

पहिला लघुपट मकबूल फिदा हुसेन यांचा, ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. १९६७ सालच्या बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे ‘सुवर्ण अस्वल’ त्याला मिळाले. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा आणि मुंबईतील त्यांची सुरुवात सिनेमाचे फलक रंगवण्यातली, हे लक्षात ठेवून हा लघुपट पाहिला तर तो अधिक जवळचा वाटतो. राजस्थानातील बुंदी, चितोड, जैसलमेर या परिसरात कॅमेरा फिरतो. कथा नाही, पात्रांचे संवाद नाहीत. आहे ते विजय राघव राव यांचे संगीत. छत्री, कंदील, जोडा, गाय अशा साध्या गोष्टी दिसतात, नाहीशा होतात आणि पुन्हा येतात. आरंभी मीही या छत्रीचा अर्थ शोधू लागले. छत्री म्हणजे आसरा, कंदील म्हणजे ज्ञान, अशी टिपणे मनात तयार होऊ लागली. पण भजनात ध्रुवपद फिरून येते तशी ती छत्री फिरून येत होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या शेजारी वेगळे काही होते. वाळूच्या उजळ पसाऱ्यात तिचा काळा आकार उठून दिसे, हा विरोध. जुन्या वास्तूच्या वळणाशी तिची कमान जुळे, हा संवाद. मर्ढेकरांचे शब्द मला तेथे पडद्यावर दिसले असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. अर्थाची टिपणे आपोआप गळून पडली आणि पाहणे सुरू झाले.

दुसरा लघुपट प्रमोद पती यांचा ‘अबीद’, १९७२ सालचा. पती यांनी प्राग येथे यिर्झी त्रंका यांच्या हाताखाली चलच्चित्रणाचे शिक्षण घेतले होते. बाहुली जशी थोडी थोडी सरकवून एकेक चित्र टिपतात, तसेच या लघुपटात जिवंत माणसाला टिपले आहे. चित्रकार आबिद सुरती एका खोलीत आहेत. ते चालत नाहीत, तरी सरकतात; खोलीच्या भिंती रंगाआकारांनी भरत जातात. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस चित्रे लागतात, हे आपण पुस्तकात वाचलेले असते. येथे ते डोळ्यांना जाणवते. पाचएक मिनिटांत सारे संपते. आमच्या सभागृहात या लघुपटाला हशा मिळाला आणि तो अगदी योग्य होता. खेळातला आनंद हाही कलेचा आनंद आहे. भोवरा फिरताना पाहून ‘याचा संदेश काय?’ असे कोणी विचारीत नाही.

खरी कसोटी लागली ती तिसऱ्या लघुपटाला. अकबर पदमसी यांचा ‘सिझिजी’ १९७० च्या सुमाराचा. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येण्याला खगोलशास्त्रात हा शब्द वापरतात. म्हणजे आपली अमावास्या आणि पौर्णिमा. लघुपट कृष्णधवल आहे आणि त्याला आवाज नाही. पदमसींनी काढलेल्या सुमारे हजार रेखाटनांतून तो तयार झाला. बिंदू येतात, रेषा त्यांना जोडतात, रेषांचे आकार होतात, आकार मोडतात. दहा-अकरा मिनिटे एवढेच चालते. सभागृहात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. चौथ्या मिनिटाला मागच्या रांगा हलू लागल्या. माझेही मन एकदोनदा बाहेर जाऊन आले.

मग मला आमच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवली. अकरा ते सहा ठिपके मांडले जातात, तेव्हा पुढे काय होणार हे फक्त काढणारीला ठाऊक असते. शेजारी उकिडवे बसून पाहणाऱ्या मुलीला पहिल्या चारदोन रेषांतून काहीच उमगत नाही. पण एक रेषा वळते, दुसरी तिला उत्तर देते, आणि एका क्षणी सगळा आकार जुळून येतो. रांगोळी पुरी होण्याआधीचा तो क्षण मला नेहमी पुऱ्या रांगोळीपेक्षा आवडत आला आहे. ‘सिझिजी’ हा लघुपट अशाच क्षणांची मालिका आहे. आकार जुळतो, पण तेथे थांबत नाही. जुळलेला समतोल मोडून नवा शोधू लागतो. भिंतीवरचे चित्र सगळे एकदम समोर असते. येथे मात्र चित्राला काळ मिळाला आहे, म्हणून वाट पाहणे हाही त्या रचनेचा भाग होतो. आपल्याला जो कंटाळा वाटतो, तो पुष्कळदा वाट पाहण्याची सवय नसल्याचा असतो. विलंबित ख्यालाला पहिल्यांदा बसणाऱ्या श्रोत्याचीही हीच गत होते.

येथपर्यंत मर्ढेकर बरोबर होते. चौथ्या लघुपटाने मात्र माझी पंचाईत केली. तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ १९७० साली फिल्म्स डिव्हिजनसाठी तयार झाला. ‘कूडल’ हा तमिळ शब्द असून संगम किंवा एकत्र येणे असा त्याचा अर्थ आहे. मेहतांनी चित्रकलेच्या शिक्षणाआधी चित्रपट-संकलनाचे काम केले होते, आणि बांधलेल्या बैलाचे त्यांचे चित्र १९५६ सालचे. या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केले. जनावर कोसळते, पाय ताणले जातात, डोळा उघडा राहतो. संकलन अत्यंत नेमके आहे. कोणते दृश्य किती काळ ठेवायचे आणि कोठे तोडायचे, याचा हिशेब चुकत नाही. मर्ढेकरी परिभाषेत येथली विरोधलय दाखवून देणे अवघड नाही.

पण मला ते करता येईना. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी लावतात. ते खांदे हाताला माहीत असलेल्या मुलीने पडद्यावरचा बैल केवळ घनाकार आणि रेषा म्हणून कसा पाहावा? ती संवेदना कोरी येतच नाही, आपले सारे गणगोत घेऊन येते. मेहतांच्याही बाबतीत ती कोरी नव्हती. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी पाहिले होते आणि ते दृश्य त्यांनी आयुष्यभर वागवले. त्यांचा बैल हा असा आहे: ताकद अंगात असून बांधला गेलेला. त्याला रंग-रेषांच्या रचनेपुरता मर्यादित करणे म्हणजे त्यातले दुःख बाजूला ठेवणे होय.

मग मर्ढेकर चुकले असे म्हणायचे का? येथे रा. भा. पाटणकरांचा आधार सापडला. ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ सालच्या ग्रंथात त्यांनी कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले आहे. एका ध्रुवावर कलेचे स्वतंत्र, स्वायत्त विश्व. दुसऱ्यावर आपले लौकिक जीवन, त्यातली सुखदुःखे आणि मूल्ये. वर्गात हे मला जरासे कोरडे वर्गीकरण वाटले होते. या लघुपटांनी त्यात रक्त भरले. ‘सिझिजी’ पहिल्या ध्रुवाच्या अगदी जवळ आहे, ‘कूडल’ दुसऱ्याच्या. हुसेनांची छत्री या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उघडते. आणि ‘कूडल’मध्ये लय नसती, तर ती कत्तलखान्याची बातमी झाली असती, आपण तोंड फिरवून मोकळे झालो असतो. लयीने मला खुर्चीत धरून ठेवले, म्हणून ते दुःख पोहोचले. तेव्हा पाहण्याचा आरंभ मर्ढेकरांपासून करावा, पण शेवटही तेथेच झाला पाहिजे असा आग्रह धरू नये, असे मला वाटते.

यावरून एक साधी रीत सुचवावीशी वाटते. लघुपट किंवा चित्र पाहिल्यावर ‘काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न जरा लांबणीवर टाकावा. त्याआधी ‘मी काय पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर पाच ओळींत लिहावे: काय परत परत आले, कशाच्या शेजारी काय ठेवले होते, कोठे थांबवले, कोठे तोडले. एवढे लिहिताना अर्थ पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. आला नाही, तरी पाहिलेले आपल्याजवळ उरते. यासाठी इंग्रजी लागत नाही आणि चित्रांनी भरलेले घरही लागत नाही. रांगोळी, भजन आणि बैल एवढ्या भांडवलावर माझे काम भागले.

आपण प्रेक्षक म्हणून पुढे येणे अगत्याचे आहे, याला आणखी एक कारण आहे. पदमसी यांनी ‘सिझिजी’च्याच सुमारास ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाचा दुसरा लघुपट केला होता. त्याची प्रत हरवली, ती मिळालीच नाही. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन, त्यांच्या आठवणीच्या आधाराने त्याच नावाचा नवा लघुपट केला. पण मूळ प्रयोग आता कोणालाच पाहता येणार नाही. पदमसी २०२० साली वारले. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पुस्तकाची एक प्रत हरवली तर दुसऱ्या ग्रंथालयात दुसरी सापडते. अशा लघुपटांच्या प्रती मोजक्या असतात, आणि ज्यांना मागणी नाही अशा वस्तू प्रथम अडगळीत आणि मग कचऱ्यात जातात. त्या पाहण्याची मागणी करणे आपल्या हाती आहे. आपल्या महाविद्यालयात पडदा आहे, प्रक्षेपक आहे, आणि शनिवारी दुपारी सभागृह रिकामे असते. महिन्यातून एक लघुपट, आणि तोही दोनदा दाखवावा. कारण पहिल्या खेपेला आपण गोष्ट शोधतो आणि दुसऱ्या खेपेला पाहू लागतो. मराठी विभागाने यात पुढाकार घ्यावा, अशी आपल्या प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.