अधःस्तर : शब्द आणि त्याचे उपयोग

एखाद्या वस्तूच्या खाली पसरलेला व तिला आधार देणारा थर, असा ‘अधःस्तर’ या शब्दाचा सामान्य अर्थ होय. ‘सब्स्ट्रेटम’ या लॅटिन संज्ञेसाठी तो योजला जातो. ही जोडी वरकरणी कृत्रिम वाटली, तरी ती तशी नाही. लॅटिन संज्ञेचा उत्तरार्ध ‘पसरणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, आणि ‘स्तर’ ज्या ‘स्तृ’ धातूपासून निघाला, त्याचाही अर्थ पसरणे, अंथरणे असाच आहे. मुळात हे दोन्ही धातू एकच. शिंप्याच्या दुकानातील ‘अस्तर’ फारसीतून आले. तेही याच कुळातले.

घरगुती व्यवहारात या शब्दाचे काम पडत नाही. तेथे डोक्यावरील घागरीखाली चुंबळ असते, शंखाखाली अडणी असते, घराखाली जोते असते. शास्त्रांना मात्र एखादे व्यापक नाव हवे होते, आणि शास्त्रागणिक त्याचा अर्थ पालटत गेला. प्रवाळाचे डिंभ ज्या कठीण पृष्ठभागाला चिकटून वाढतात, तो त्यांचा अधःस्तर. लाळेतील विकर ज्या पिष्टावर क्रिया करते, त्यालाही इंग्रजीत ‘सब्स्ट्रेट’ म्हणतात. पण येथे कोणी कोणाच्या खाली नसते. अशा ठिकाणी अधःस्तर हा शब्द वापरणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

भूविज्ञानात हा शब्द शब्दशः खरा ठरतो. दख्खनच्या पठारावरील काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. त्यांच्या तळाशी काय आहे, हे पुष्कळ ठिकाणी अनुमानानेच सांगावे लागे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला आणि तो प्रश्न निकडीचा बनला. कारण तेथील धक्के प्रामुख्याने लाव्हाखालच्या खडकात उत्पन्न होतात. पुढे त्या परिसरात खोल विंधन करण्यात आले. २०१७ मध्ये पूर्ण झालेले एक छिद्र सुमारे तीन किलोमीटर खोल गेले. सव्वा किलोमीटरच्या सुमारास बेसाल्ट संपला आणि त्याहून कितीतरी पुरातन असा ग्रॅनाइट व नाइस खडक लागला. जे अनुमान होते, ते हातात घेऊन पाहता आले.

भाषाशास्त्राला ही सोय नाही. एखादा समाज आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो, तेव्हा जुन्या भाषेतील उच्चारांच्या व वाक्यरचनेच्या सवयी नव्या भाषेत उतरतात. त्या मागे पडलेल्या भाषेला अधःस्तर म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इटालियन पंडित आस्कोली यांनी ही कल्पना पुढे आणली. येथे एक सावधगिरी हवी. ‘अधस्’ आणि ‘अधम’ हे शब्द एकाच घरातले असल्याने ‘अधःस्तर’ म्हणताच हलकेपणाची छटा डोकावते. वस्तुतः ती भाषा केवळ आधीची असते. तिचे बोलणारे बहुधा सत्तेने दुबळे असतात, बुद्धीने नव्हेत.

मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद या संदर्भात नेहमी दिला जातो. “आम्ही जेवायला निघालो,” असे म्हटले की ऐकणाऱ्याने घरी राहावयाचे. “आपण निघू,” म्हटले की त्याने चपला घालावयाच्या. संस्कृतातील ‘वयम्’ हा भेद दाखवीत नाही. तमिळमध्ये मात्र ‘नांगळ्’ व ‘नाम्’ अशी नेमकी हीच जोडी आहे. भारतातील भिन्न कुळांच्या भाषांत अशी साम्ये कशी पसरली आहेत, हे एमेनो यांनी १९५६ मध्ये एका प्रसिद्ध लेखात दाखविले, आणि १९७१ मध्ये साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीविषयी असाच विचार मांडला.

ट, ठ, ड, ण या मूर्धन्य वर्णांचे प्रकरण इतके सरळ नाही. ते द्राविड भाषांत आहेत, ऋग्वेदात आहेत, पण संस्कृतची निकटची भगिनी अवेस्ता हिच्यात नाहीत; म्हणून ते द्राविड अधःस्तरातून आले, असे अनेक विद्वान मानतात. हा तर्क प्रबळ आहे, तरी प्रत्येक शब्दास लागू पडत नाही. ‘नीड’ म्हणजे घरटे. तो ‘नि’ आणि ‘सद्’ (बसणे) यांपासून झाला. लॅटिनमधील ‘निदुस’ त्याचाच भाऊ. मधला ऊष्म वर्ण लोपला, आणि जाता जाता त्याने आधीचा ‘इ’ दीर्घ केला व पुढच्या ‘द’चा ‘ड’ केला. या ‘ड’चा उगम शब्दाच्या आतच सापडतो, त्यासाठी शेजारच्या भाषेकडे जावे लागत नाही.