फुल फ्रेमच्या आधी

चि. सोनू,


कॅमेरा फुल फ्रेमच घ्यायचा हे तू ठरवून टाकलंस आणि मामाला विचारतेस ते फक्त मॉडेल! बरं. पण तुला भिगवणचे रोहित पक्षी टिपायचेत ना? मग जरा थांब.

फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मची ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट. निकॉनच्या डीएक्स बॉडीतला सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६चा, क्षेत्रफळाने निम्म्याहून लहान. लग्नाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये फुल फ्रेम उजवा, हे कबूल. पण तिथं उजनीच्या पाण्यात नाव कितीही पुढे नेली तरी पक्षी लांबच राहतो. माझी ३०० एमएमची लेन्स डीएक्सवर ४५०एवढी जवळीक देते. लेन्स लांब होत नाही बरं का, चित्राच्या कडा तेवढ्या कापल्या जातात. फुल फ्रेमवर काढून घरी कापलं तर? काप की! पण २४ मेगापिक्सेलमधले साडेदहाच हाती उरतील.

खरा घोळ पुढेच आहे. लेन्स बसली म्हणजे चालली, असं नसतं. माझ्या जुन्या ५० एमएम एफ/१.८ डी लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. तिला फिरवते ती बॉडीतली मोटर. डी३५००सारख्या स्वस्त बॉडीत ती मोटरच नसते. अशीच एक बॉडी मी न बघता उचलली होती. तुझ्या दादाच्या मुंजीतले निम्मे फोटो धूसर का, ते आता कळलं असेल. जुन्या लेन्सा जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यावर ५० बसवलीस, तरी फोकस हातानंच. ३००ला स्वतःची मोटर आहे, ती या दोन्ही प्रकारच्या बॉडींवर चालते.

आणि पुढेमागे फुल फ्रेमवर जायचंच असेल, तर आता महागड्या डीएक्स लेन्सा जमवू नकोस. त्या फुल फ्रेम निकॉनवर बसतात, पण चित्र डीएक्सएवढंच मिळतं. कॅननच्या ईएफ-एस तर त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत.

माझं मत विचारशील तर सेकंडहँड डी७२०० बघ. २४ मेगापिक्सेल, आत मोटर, माझ्या दोन्ही लेन्सा चालतील. घेण्याआधी शटर किती वेळा उडालंय ते विचार.

३००ची लेन्स कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांत ठेवली आहे. रविवारी ये आणि घेऊन जा.

तुझा
मामा