हॉर्न दिला होता, पण आजींना तो ऐकू आला का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असतील. दवाखान्यासमोर रिक्षा थांबली आणि दोघा-तिघांनी सत्तरीच्या एका आजींना उचलून आत आणले. उजवा पाय आखूड झालेला, बाहेरच्या बाजूला वळलेला. एक्स-रे काढण्यापूर्वीच निदान दिसत होते. खुब्याचे हाड मोडले होते. मागे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा थरथरत उभा होता. शिकाऊ परवाना मिळून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. "डॉक्टरकाका, मी हॉर्न दिला होता हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मुलगा खरे बोलत होता. शेजारी वडील बसले होते, गाडीला ‘एल’ची पाटी होती, वेगही फार नव्हता. देवळातून निघालेल्या आजी अर्धा रस्ता ओलांडून पुढे आल्या होत्या. डावीकडून येणाऱ्या या मुलाने हॉर्न दिला. आजी पुढे जातील असे समजून त्याने गाडी त्यांच्या मागून काढायला घेतली. आजी मात्र दचकून दोन पावले मागे आल्या. धक्का किरकोळच लागला, पण ठिसूळ झालेल्या हाडाला तेवढा पुरतो.

या आजी माझ्या जुन्या पेशंट. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्या कानाने कमी ऐकू येते, दोन्ही गुडघे धरलेले. हे मला ठाऊक होते. त्या मुलाला कसे ठाऊक असणार?

वयाची चाळिशी ओलांडल्यावर परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. तो घ्यायला आलेल्यांची नजर मी तपासतो. पण रस्त्यावर समोर येणाऱ्या माणसाची नजर कशी असेल, हे चालकाला कोणी शिकवत नाही. क्लच, गिअर, स्टिअरिंग शिकवले जाते. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. म्हणून आज गाडीबद्दल नव्हे, गाडीसमोरच्या माणसाबद्दल थोडे सांगतो.

वृद्ध माणसे

उतारवयात ऐकू कमी येते आणि आवाज कोणत्या बाजूने आला हेही चटकन कळत नाही. म्हणून हॉर्न ऐकून वृद्ध माणूस थांबतो, गोंधळतो किंवा मागे फिरतो. चालही मंदावलेली असते. सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास चालणाऱ्या माणसाला सात मीटरचा रस्ता ओलांडायला सुमारे नऊ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात सव्वाशे मीटर पुढे येते. म्हणजे आजींनी पहिले पाऊल टाकले तेव्हा लांब वाटणारी गाडी त्या पलीकडे पोचण्यापूर्वीच अंगावर येते. चूक आजींची नसते. अशा वेळी हॉर्न नको, ब्रेक हवा. गाडी पूर्ण थांबवा आणि त्यांना पलीकडे जाऊ द्या.

लहान मुले

नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा नीट अंदाज येत नाही. उंची कमी असल्याने उभ्या गाड्यांच्या आडून ती आपल्याला दिसत नाहीत आणि आपण त्यांना दिसत नाही. रस्त्यावर चेंडू आला की मागोमाग मूल येणार, हे गृहीत धरा. एस.टी. थांबलेली असेल तर तिच्या पुढून कोणीतरी धावत येईल असे समजूनच वेग कमी करा. अंगणातून गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल आरशात दिसत नाही.

सायकलस्वार आणि दुचाकीस्वार

सायकलस्वार सरळ रेषेत जात नाही. खड्डा चुकवायला तो अचानक उजवीकडे येतो. मोठ्या गाडीच्या वाऱ्यानेही त्याचा तोल जातो. त्याला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. चालकाने आपल्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडावे. त्यासाठी अंग वळते, मान मागे फिरते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. दारावर आपटून डोके फुटलेले पेशंट मी पाहिले आहेत.

अंधार पडल्यावर

प्रखर दिव्यांनी समोरचा चालकच नव्हे, पायी चालणाराही दिपतो. मोतीबिंदू असेल तर काही क्षण त्याला काहीच दिसत नाही. म्हणून समोर माणूस दिसताच डिपर द्या. पहाटे फिरायला निघालेली मंडळी, घोंगडी पांघरलेला मेंढपाळ, उसाची बैलगाडी, आषाढात पंढरपूरच्या वाटेवरची दिंडी, यांच्या अंगावर दिवा नसतो. आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवा.

शिकताना

नवशिक्याचा पाय ब्रेक शोधायलाच वेळ घेतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला आठ मीटर जाते, ५० ला चौदा मीटर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून पहिले धडे मोकळ्या मैदानावर घ्या. शाळा सुटण्याची वेळ, बाजाराचा दिवस, देवळाचा रस्ता सुरुवातीला टाळा. पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावा. शेजारी परवानाधारक आणि गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल असा माणूस हवाच.

अपघात झालाच तर

आजींना लोकांनी आधी बसवले, मग उभे करून पाहिले. हेतू चांगला होता, पण त्याने त्रास वाढतो. जखमीला ओढू नका, उभे करू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया लागू शकते. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या धास्तीने निघून जाऊ नका.

आजींची शस्त्रक्रिया झाली. आता त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. देवळाचा रस्ता मात्र सुटला तो सुटलाच. त्या दिवशी वेदनेतही त्या मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, पोराला रागवू नका. मीच मागं सरले."

मुलाला पुढे पक्का परवाना मिळाला. परवा बाजारपेठेत तो दिसला. काठी टेकत एक गृहस्थ रस्ता ओलांडत होते आणि हा गाडी थांबवून बसला होता. मागचे वाहनवाले हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. गृहस्थ पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर चढेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.