विंगेत बोलू नका, सकाळी बोला

प्रॉम्प्टरला सगळं ऐकू येतं. संवाद विसरलेल्या नटाची कुजबुज, मेकअपच्या खोलीतली कुरकुर, मालकाने दाताखाली दिलेली शिवी. झाडीपट्टीच्या नाटकांत विंगेत बसून मी जे ऐकलं, त्यावरून सांगतो : कंपनी पैशावाचून क्वचित मोडते, माणसांपायी हमखास मोडते.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. कंपन्यांचं मुख्य ठाणं देसाईगंज-वडसा. आमच्या अर्जुनी मोरगावाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की सहज गाठता येतं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि सीझन सुरू होतो, तो होळीपर्यंत. पडदा रात्री उशिरा उघडतो, नाटक उजाडेपर्यंत चालतं. मग सामान भरायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. झोप गाडीतच. नट, नट्या, लावणीवाली, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाले, मेकअपवाला, लाइटवाला, सगळे अर्धवट झोपेत आणि सगळे मानी. कारखान्यातली शिस्त इथे चालत नाही, पण शिस्तच नसेल तर तिसऱ्या गावातच तमाशा होतो.

एका कंपनीत तो झाला. आमच्या तालुक्यातल्या एका गावी विनोदी नटाने प्रवेश लांबवला. पब्लिक हसून लोळत होती, म्हणून तो थांबेना. आमच्याकडे विनोदी नटासाठी लोक थंडीत घोंगडी पांघरून बसतात. याच मातीतल्या विनोदी भूमिकांसाठी गाजलेले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती उगाच नाही. पण मालकाला पुढची लावणी वेळेवर हवी होती. नट विंगेत आला तसा मालक सगळ्यांसमोर ओरडला, "नाटक तुझ्या बापाचं हाय का गा?" नट काही बोलला नाही. पुढचे प्रवेश त्याने शब्दाला शब्द जोडून, कोरडे केले. लोक जांभया देऊ लागले. सकाळी गाडीत बसताना म्हणाला, "मालक, पुढच्या गावी माझी वाट नका पाहू." त्याच्याबरोबर तबलजीही उतरला. पुढच्या गावी नाटक बोलावणाऱ्या मंडळाने पैसे कापले ते वेगळंच.

मालकाचं म्हणणं चूक नव्हतं. वेळ चुकली आणि जागा चुकली. नट रंगमंचावरून उतरतो तेव्हा अंगातला घाम वाळलेला नसतो. त्या क्षणी बोललेलं त्याच्या कामाला नाही, त्याला लागतं. चहा झाल्यावर एकट्याला बाजूला घ्या आणि मुद्द्याचं बोला. त्याहून बरं म्हणजे तालमीतच ठरवा : या प्रवेशात वाढवायला मोकळीक, त्या प्रवेशात नाही. सीमा माहीत असेल तर कलावंत तिच्या आत जास्त खुलतो, हे मी पाहिलंय.

शेवटचा शब्द एकाचाच असू द्या. मालक एक सांगतो, दिग्दर्शक दुसरं आणि लेखकही मध्येच येतो, तेव्हा नट ज्याचं सोयीचं त्याचं ऐकतो. आणि निरोप प्रॉम्प्टरकडून कधी पाठवू नका. आमच्यामार्फत गेलेला निरोप पोचेपर्यंत शिवी होतो.

दुसरी कुरबुर बॅनरवरून. मुंबई-पुण्याहून आलेल्या नटीचा फोटो मोठा आणि इथे वर्षानुवर्षं गर्दी खेचणाऱ्याचा बोटभर. पैशापेक्षा हे जास्त झोंबतं. बाहेरच्या कलावंताला जास्त नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, द्यायची तर खुशाल द्या, पण लपवून नका देऊ. गाडीत रात्रभर शेजारी बसणाऱ्यांत कुणाची नाइट किती, हे चौथ्या गावापर्यंत सगळ्यांना कळतंच. दर आधीच वहीत लिहा, उचल लिहा, प्रयोग रद्द झाला तर काय, तेही लिहा.

बायांसाठी कपडे बदलायला बंद खोली आणि रात्री परतायची सोय मंडळाकडून आधीच कबूल करून घ्या. ज्या कंपनीत हे नाही, तिथे चांगली नटी दुसऱ्या वर्षी येत नाही. मग मालक म्हणतात, कलावंत बेइमान झाले. मला ते पटत नाही.

यंदा कुणी नवी कंपनी काढत असाल, तर ट्रक आणि पडद्याचं नंतर पाहा. दिवाळीआधी सगळ्यांना एका खोलीत बसवा, वही उघडा आणि सगळ्यांदेखत दर वाचून दाखवा.