मालमत्ता कराला लगाम : नुसता दर पाहून भागत नाही

इतवारीतील कोणताही दुकानदार आवक पाहून जावक ठरवतो. सरकार व महानगरपालिकेकडूनही आपली हीच अपेक्षा असते. पण ती पूर्ण व्हायची तर कराचे बिल कसे तयार होते, हे आधी आपल्याला कळले पाहिजे. आज आपण तेवढेच पाहू.

दुकानाला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल, याचा महानगरपालिका अंदाज करते. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघते आणि त्यावर कराचा दर लागतो. समजा, महिना ५,००० रुपये भाडे धरले. वर्षाचे ६०,००० झाले, वजावटीनंतर ५४,००० उरले. सर्व करांचा मिळून दर उदाहरणापुरता २० टक्के धरला, तर कर १०,८०० रुपये. आता दर तोच ठेवून भाडे ७,५०० धरले, तर कर होतो १६,२०० रुपये. "दरवाढ नाही" अशी घोषणा होऊनही बिल दीडपट झाले! म्हणून मर्यादा मागायची तर दर आणि मूल्यांकन या दोन्हींवर मागावी.

दुसरी गोष्ट अशी की, बिलातील सगळी रक्कम महानगरपालिकेची नसते. शिक्षण उपकर आणि दुकाने-कारखान्यांसारख्या बिगरनिवासी इमारतींवरील रोजगार हमी उपकर राज्य शासनाकडे जातात. म्हणजे राज्याच्या खर्चाचा काही भार थेट आपल्या दुकानाच्या बिलावर आहे.

हा भार वाढण्याची भीती का वाटते, तेही समजून घेऊ. नागपुरात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. २०१७ साली जीएसटी आला आणि महानगरपालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढ धरून राज्याकडून भरपाई देण्याचा कायदा झाला. व्यापाऱ्याची नाक्यावरची कटकट संपली हे खरे, पण महानगरपालिकेच्या हातात स्वतःचे असे मोठे साधन मालमत्ता करच उरले.

राज्याच्या उधळपट्टीला आवर घालण्यासाठी २००५ चा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे. मालमत्ता करालाही अशी मर्यादा घालता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली लोकांनी मतदान करून हा कर मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि करासाठी धरलेल्या मूल्यातील वाढ वर्षाला २ टक्क्यांवर रोखली. मालमत्ता विकली गेली की मात्र नवे मूल्य लागते. करदात्याला दिलासा मिळाला, पण तेथील नगरपालिका व शाळा राज्याच्या पैशावर अधिक अवलंबून राहू लागल्या आणि निरनिराळी शुल्के वाढली. धडा स्पष्ट आहे. खर्चाला आवर न घालता नुसता कर बांधला, तर पैसा दुसऱ्या खिशातून जातो.

भाडेकरूंनी हा मालकाचा प्रश्न समजू नये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार कर वाढल्यास घरमालकाला त्यापोटी भाडे वाढवता येते. गल्लीतल्या लहान खोलीत काम करणाऱ्या कारागिरालाही याची झळ लागते.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) जुने व नवे बिल शेजारी ठेवून क्षेत्रफळ, वापराचा प्रकार व करयोग्य मूल्य ताडून पाहावे.

२) मूल्य वाढवल्याची नोटीस आल्यास तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी व पोच जपून ठेवावी. हरकतीच्या निकालाविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुदत अवघी १५ दिवसांची असते आणि आधी हरकत घेतलेली नसेल, तर ते दार सहसा उघडत नाही.

३) पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असे महानगरपालिका अधिनियम सांगतो. म्हणून बाजारातील संघटनांनी आपले निवेदन जानेवारीतच द्यावे आणि त्यात करकपातीबरोबर कोणता खर्च कमी करावा, हेही लिहावे.

बिल हाती पडल्यावर ओरड करण्यापेक्षा ते तयार होण्याआधी हिशेब मागणे केव्हाही चांगले, असे आम्हास वाटते.