शंका-समाधान : प्रॉम्प्टचा रंग गेला, आता काय?

शंका : आमच्या दूध संकलन केंद्राच्या संगणकावर उबंटू २०.०४ होती, ती २२.०४ केली. अपग्रेडला जागा कमी पडत होती, म्हणून त्याआधी होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या अनोळखी फाइल काढून टाकल्या. आता टर्मिनलमध्ये नाव दिसतं, पण हिरवा-निळा रंग गेला. ‘एलएल’ दिलं तर आदेशच सापडत नाही म्हणतो. दहा दिवसांची बिलं काढायची आहेत. सगळं नव्याने टाकावं का?
— एक वाचक, डाळज (ता. इंदापूर)

समाधान : नव्याने काहीही टाकू नका. बिघाड छोटा आहे आणि तो अपग्रेडमुळे झालेला नाही.

उबंटूत प्रॉम्प्ट दोन फायलींमधून ठरतो. ‘/ईटीसी/बॅश.बॅशआरसी’ सगळ्या वापरकर्त्यांसाठी असते. होम फोल्डरमधली ‘.बॅशआरसी’ तुमची स्वतःची. नाव दिसतंय, म्हणजे पहिली नीट वाचली जाते. रंग आणि ‘एलएल’ हे दोन्ही दुसरीतून येतात आणि दोन्ही एकदमच गेलेत. तुम्ही काढलेल्या फायलींत तीच असणार.

खालचे आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. आधी ‘एलएस -ए’ देऊन ती फाइल खरंच नाही ना, ते पाहा. नसेल तर ट्रॅश उघडा आणि कंट्रोल-एच दाबा, म्हणजे लपलेल्या फाइलही दिसतील. तिथे सापडली तर रिस्टोर करा. ट्रॅश रिकामा केला असेल तर मूळ नमुना ‘/ईटीसी/स्केल’ मध्ये असतो. ‘सीपी /ईटीसी/स्केल/.बॅशआरसी ~/’ असं देऊन तो आणा, मग ‘सोर्स ~/.बॅशआरसी’ द्या. रंग लगेच परततो. ‘.प्रोफाइल’ गेली असेल तर तीही तिथूनच आणा. मात्र ‘.बॅशआरसी’ जागेवर असेल तर तिच्यावर नमुना चढवू नका, तुम्ही घातलेल्या ओळी पुसल्या जातील. तेव्हा फक्त ‘सोर्स’ द्या. चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासह संदेश येतो.

मला काळजी वेगळीच वाटते. टिंबाच्या फोल्डरांत प्रोग्रॅमचा डेटाही असतो : ‘.मोझिला’त फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड, ‘.थंडरबर्ड’मध्ये ईमेल. तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर नोंदी कुठे ठेवतं हे पाहून शेवटच्या दिवसाचं दूध, फॅट आणि एसएनएफ वहीशी ताडून घ्या. ट्रॅश तोवर अजिबात रिकामा करू नका.

शंका : उबंटू २४.०४ वर ‘युजरॲड’ने मित्राचं खातं काढलं. त्याला नुसतं ‘$’ दिसतं. टॅबने नाव पूर्ण होत नाही, वरचा बाण दाबला की विचित्र खुणा उमटतात.
— एक विद्यार्थी, बारामती

समाधान : त्याला बॅश मिळालेलं नाही, ‘एसएच’ मिळालं आहे. उबंटूत २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून ‘एसएच’ म्हणजे डॅश. स्क्रिप्ट झपाट्याने चालवण्यासाठी ते उत्तम. पण जुने आदेश बाणाने परत आणणं, टॅबने नाव पुरं करणं या सोयी त्यात नाहीत. ‘युजरॲड’ला शेल सांगितलं नाही तर ते हेच देतं. ‘इको $०’ देऊन खात्री करा. मग मित्राने स्वतःच्या खात्यातून ‘सीएचएसएच -एस /बिन/बॅश’ द्यावं, पासवर्ड टाकावा आणि लॉगआउट करून पुन्हा आत यावं. पुढच्या वेळी ‘ॲडयुजर’ वापरा. ते होम फोल्डरही तयार करतं.

शंका : फेडोरा ३९ केल्यावर प्रॉम्प्ट आपोआप हिरवा झाला. कोणी घुसलं का?
— एक वाचक, इंदापूर

समाधान : नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून फेडोराने रंगीत प्रॉम्प्ट मुद्दाम दिला आहे. नको असेल तर ‘बॅश-कलर-प्रॉम्प्ट’ हे पॅकेज काढा.

सर्व वाचकांना विनंती : अपग्रेडआधी होम फोल्डरची, लपलेल्या फाइलींसकट, प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि शंका पाठवताना प्रॉम्प्ट व चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवून पाठवा. निम्मं निदान त्यातच होतं.