बिल दाखवा, शेठ

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवताना काउंटरच्या आत उभं राहून जे कळलं, ते हे.

१. ‘कंपनी बनवते, आम्ही फक्त विकतो’ हे कोर्टात चालत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधलं कलम १९ अज्ञानाला बचाव मानत नाही. दुकानदाराला तिथे एकच वाट ठेवली आहे. माल परवानाधारकाकडूनच घेतला, योग्य ती काळजी घेऊनही खोट कळण्यासारखी नव्हती आणि आल्यापासून तो नीट ठेवला होता, या तिन्ही गोष्टी शाबीत करायच्या. त्याही आपणच.

२. म्हणून बिल. दुपारी गिऱ्हाईक नसताना स्कूटरवर पिशवी घेऊन येणारा माणूस प्रत्येक गावात असतो. ‘बिलाचं काय घेऊन बसलात शेठ, चाळीस टक्के सोडतो!’ पिशवीत नेहमी खपणारा मालच असतो: अँटिबायोटिक, पित्ताच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या. पडून राहणारं औषध त्याच्याकडे कधी दिसलं नाही. अशा मालाला मी हात लावत नाही. रीतसर मालाचंही बिल नुसतं खिळ्याला अडकवून भागत नाही. खोका फोडला की स्ट्रिप उजेडात तिरकी धरायची, कडेला ठोकलेला बॅच नंबर बोटाने चाचपायचा आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघायचा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी ते बिल दुसऱ्याच मालाचं ठरतं. होलसेलरचा पोरगा अशा वेळी वैतागतो. वैतागू दे.

३. बनावट म्हणजे आत खडूची पूड, असं लोकांना वाटतं. आतलं औषध बरोबर असलं, पण लेबलवरची कंपनी अस्तित्वातच नसली किंवा माल त्या कंपनीचा नसला, तरी कायद्याने ते बनावटच. शिक्षा किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत. दंड किमान ३ लाख किंवा जप्त मालाच्या तिप्पट, यांतला जो जास्त तो. बनावट किंवा भेसळीच्या औषधाने जीव गेला, तर सुरुवातच १० वर्षांपासून. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते. एवढी कडक शिक्षा मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००८ च्या दुरुस्तीने आली. निव्वळ मिथ्याछाप, म्हणजे लेबलवर खोटा दावा किंवा नियमाप्रमाणे मजकूर नसणं, याला शिक्षा बरीच कमी. तरी तुरुंग तो तुरुंगच.

४. एफडीएचे साहेब नमुना घ्यायला आले की हुज्जत नको. ते फॉर्म १७ देतात, मालाची किंमत देऊ करतात आणि आपल्यासमोर पाकिटं सील करतात. एक पाकीट आपल्याला मिळतं. हे पाकीट बरेच दुकानदार शटरमागच्या फळीवर टाकतात आणि उन्हाळ्यात विसरतात! मी बिलाच्या झेरॉक्ससोबत कपाटात ठेवतो. माल कोणाकडून घेतला असं विचारलं, तर नाव-पत्ता सांगावाच लागतो. कलम १८अ. होलसेलरशी कितीही घरोबा असला तरी.

५. शासकीय विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला की घड्याळ सुरू होतं. प्रत हाती पडल्यापासून २८ दिवसांत ‘हा अहवाल मान्य नाही, मी विरोधी पुरावा देणार’ असं लेखी कळवलं नाही, तर तोच अंतिम पुरावा. कळवलं, तर कोर्टाकडचा नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जाऊ शकतो. अहवालाच्या लिफाफ्यावर एफडीएचा शिक्का दिसला की दुकानदार आधी होलसेलरला फोन लावतो. ‘बघतो, करतो’ यात तीन आठवडे जातात.